केमोथेरपीतले ‘सोसण्याजोगे’ त्रास

स्तनाच्या कर्करोगावरच्या केमोथेरपीविषयीचे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले शोधनिबंध वाचताना एक विशेषण पुन्हा पुन्हा आडवे येते. औषधांचे दुष्परिणाम ‘सोसण्याजोगे’ होते, असे. सोसवते की नाही हे खरे तर सोसणाऱ्यालाच ठाऊक; पण या निबंधांत तो निवाडा औषध देणाऱ्याने दिलेला असतो. हा निवाडा बाईकडे कसा आणि किती सरकला, ते पाहायचे आहे.

सुरुवात मिलानपासून करावी लागते. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ज्यानी बोनादोन्ना यांनी 1973 मध्ये एक चाचणी सुरू केली. स्तन काढून टाकलेल्या, पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्या 386 स्त्रिया तिच्यात होत्या. त्यांपैकी 207 जणींना सायक्लोफॉस्फमाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुरोयुरॅसिल अशी तीन औषधे दिली गेली. चौदा दिवस गोळ्या, पहिल्या आणि आठव्या दिवशी शिरेतून इंजेक्शने, मग दोन आठवडे विसावा. अशी बारा आवर्तने, म्हणजे जवळजवळ वर्षभर. फेब्रुवारी 1976 मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध न घेतलेल्यांत रोग उलटण्याचे प्रमाण 24 टक्के होते, घेतलेल्यांत 5.3 टक्के. एवढा फरक पाहिल्यावर मळमळीची चर्चा कोण करणार?

पण या स्त्रियांची स्थिती आधीच्या केमोथेरपीच्या रुग्णांहून वेगळी होती. रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण आजारानेच खंगलेला असे. औषधाने त्याला उतार पडताना दिसे. इथे शस्त्रक्रिया झालेली, जखम भरलेली, बाई घरी कामाला लागलेली. तिला आजारी पाडले ते औषधाने. उलट्या, तोंडात फोड, केस विरळ होणे, अन्नाला धातूसारखी चव, चाळिशीच्या आसपासच्या अनेकींची पाळी कायमची बंद होऊन अंगातून निघणाऱ्या वाफा. शिवाय काहींचे वजन चक्क वाढे. ‘कर्करोग म्हणजे झिजणे’ हे समीकरण मनात असलेल्या शेजारपाजाऱ्यांना ती बरी दिसायची, आणि तिची तक्रार नाटकी वाटायची.

1980 च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पामर आणि सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांना विचारून लिहिलेला एक छोटा निबंध आला. अनेक औषधे एकत्र घेतलेल्यांपैकी 79 टक्के जणींचे रोजचे जगणे त्या त्रासाने विस्कटले होते. 29 टक्के जणींनी, कुणी न विचारता, हे असह्य आहे किंवा पुन्हा कधीच घेणार नाही, असे सांगितले. माझ्या मते या निबंधातला सगळ्यात मोलाचा भाग ‘न विचारता’ हा आहे. अमेरिकेत रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी 1984 मध्ये कर्करोगतज्ज्ञांच्याच नियतकालिकात लिहून हा प्रश्न अंगावर घेतला. त्यांना स्वतःला 1974 मध्ये हा रोग झाला होता. सरसकट स्तन, स्नायू, गाठी कापून काढणारी हॉलस्टेडची शस्त्रक्रिया जशी दशकानुदशके बिनप्रश्न चालली, तशीच आता ही कडक औषधे चालणार का, असा त्यांचा सवाल होता.

त्याच सुमाराला सिडनीत अ‍ॅलन कोट्स आणि सहकाऱ्यांनी एक अगदी साधी युक्ती केली. 99 रुग्णांपुढे पत्ते मांडले; प्रत्येकावर एक त्रास लिहिलेला, एकूण 73. ज्याचा त्याने आपले पत्ते उचलायचे आणि जास्त त्रासाचा वर, कमी त्रासाचा खाली असे लावायचे. हे सगळे रुग्ण स्तनाच्या कर्करोगाचे नव्हते, पण पुढे सगळीकडे हीच यादी मापदंड झाली. 1983 मध्ये छापल्या गेलेल्या त्या यादीत पहिली उलटी, दुसरी मळमळ, तिसरे केस जाणे. इथपर्यंत कुणालाही सांगता आले असते. चौथ्या क्रमांकावर मात्र होता उपचाराला जायचे आहे हा विचार, आणि पाचव्यावर दवाखान्यात जाणारा वेळ. औषध अंगात जायच्या आधीच, दवाखान्याच्या वासाने किंवा तारखेच्या नुसत्या आठवणीने पोटात ढवळून येते, ही गोष्ट कुठल्याच रक्ततपासणीत सापडण्यासारखी नव्हती.

उलटीवर उपाय निघाला. ही औषधे आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन सोडवतात आणि ते मज्जातंतूमार्फत मेंदूतल्या वांतिकेंद्राला चेतवते, हे उलगडल्यावर त्या वाटेवरच अडसर घालणारे ऑन्डान्सेट्रॉन आले. अमेरिकेत त्याला 1991 मध्ये परवानगी मिळाली. सिडनीत 1993 मध्ये पुन्हा पत्ते मांडले गेले तेव्हा उलटी पाचव्या क्रमांकावर घसरली होती. मळमळ पहिली आली, आणि दुसरा क्रमांक सततच्या थकव्याने पटकावला. थकवा नव्याने उगवला नव्हता. उलटीच्या आड दडला होता. आपल्याकडच्या बाया त्याला थकवा म्हणत नाहीत. ‘अंगात त्राणच नाही’ म्हणतात. झोपून उठल्यावरही न जाणाऱ्या या अवस्थेला ते जास्त नेमके आहे.

विसराळूपणाची कथा अशीच. गॅसवर दूध ठेवून विसरणे, बोलता बोलता शब्द हरवणे, या तक्रारींना उत्तर मिळे: मनावर ताण आहे, वय झाले. 1998 मध्ये नेदरलँड्समधील वॅन डॅम आणि सहकाऱ्यांनी उपचार संपून सरासरी दोन वर्षे झालेल्या स्त्रियांच्या चाचण्या घेतल्या. जास्त मात्रेची केमोथेरपी घेतलेल्यांत 32 टक्के, नेहमीची घेतलेल्यांत 17 टक्के, अजिबात न घेतलेल्यांत 9 टक्के जणींत आकलनदोष आढळला. पुढे काही अभ्यासांनी उपचाराआधीही चाचण्या घेतल्या, तेव्हा काहींत तो दोष आधीपासूनच दिसला. त्यामुळे सगळे खापर औषधावर फोडता येत नाही. पण तक्रार खोटी होती, असे आता कुणी म्हणत नाही.

या इतिहासाला मुंबईचाही एक धागा आहे. ओलांझापिन हे मूळचे मनोविकारांवरचे औषध मळमळीवर चांगले लागू पडते, पण 10 मिलिग्रॅमच्या मात्रेने दिवसभर गुंगी राहते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2.5 मिलिग्रॅमची मात्रा तिच्याशी ताडून पाहिली. ही चाचणी 2024 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आली. तिच्यातल्या बहुतेकींना स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फमाइडची जोडी चालू होती. उलटीवरचा ताबा लहान मात्रेनेही तेवढाच राहिला आणि दिवसाची गुंगी बरीच कमी झाली. पूर्वी ही गुंगी ‘सोसण्याजोगी’ म्हणून एका ओळीत उरकली गेली असती. इथे ती पहिल्या दिवसापासून मोजली होती.