तासिका: एका वाटीची कुळकथा

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. 'भाण' म्हणजे पितळेचे भांडे, त्यावरून भाणारा आणि पुढे भंडारा, अशी गावाच्या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. 1114 च्या रतनपूर शिलालेखात भाणारा हे नाव आलेले आहे. या जिल्ह्याच्या महाविद्यालयांत रोज कानावर पडणारा एक शब्दही मुळात भांड्याचाच आहे: तासिका. फारसीत तास म्हणजे वाटी, कटोरा. तळाला बारीक भोक असलेली वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची आणि ती बुडाली की टोला द्यायचा, हे आपले जुने घड्याळ. ज्या धातूच्या थाळीवर टोला पडे तिलाही तास म्हणत. भांड्याचे नाव टोल्याला लागले, टोल्याचे काळाला. मग कोणीतरी या फारसी धडाला संस्कृतचे 'इका' हे शेपूट जोडले आणि शाळेतल्या पिरियडला मराठी नाव मिळाले. इथवर सगळे निरुपद्रवी होते. पुढे शिक्षकाला शिकवलेल्या तासापुरतेच पैसे द्यायचे म्हणून सरकारी कागदात 'घड्याळी तासिका तत्त्व' असा समास अवतरला आणि बोलण्यात त्याचे 'सीएचबी' (क्लॉक अवर बेसिस) झाले. या समासात घड्याळ दोनदा आले आहे, शिक्षक एकदाही नाही.

हाताखालच्या शिक्षकाचे काम मात्र या शब्दाहून बरेच जुने आहे. त्याचा महाराष्ट्रातला एक ठळक पूर्वज म्हणजे दक्षिणा फेलो. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली, श्रावणात विद्वान ब्राह्मणांना द्यायची दक्षिणा पुढे पेशव्यांनी चालवली. 1818 मध्ये पेशवाई गेल्यावर इंग्रजांचा कमिशनर एल्फिन्स्टन याने ती एकदम तोडली नाही. 1821 मध्ये पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेमागे तोच निधी होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातूनच मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात व पुण्याच्या कॉलेजात फेलो नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे, नंतर डेक्कन कॉलेजात गोपाळ गणेश आगरकर हे सगळे या वाटेने गेले. फेलोने खालच्या वर्गांना काही शिकवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचा पुढचा अभ्यास करायचा. माझ्या मते या व्यवस्थेचा कणा रकमेत नव्हता, तिच्या आकारात होता. फेलोचा वेळ दोन कामांत वाटलेला असे, आणि त्यातले दुसरे काम, म्हणजे अभ्यास, हा त्याचा हक्क होता. शिवाय फेलोपण कधीतरी संपणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. दक्षिणा या शब्दाला दानाचा वास आहे, ती घेणारे कोण होते हेही विसरून चालणार नाही. तरीही त्या दानात माणूस मोजला जाई, त्याचा तास नव्हे.

भंडाऱ्यापर्यंत ही परंपरा थेट आली नाही. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेला आणि 1861 पासून मध्य प्रांतात होता. पुण्याच्या दक्षिणेशी त्याचा संबंध नव्हता. नागपूरची कॉलेजे 1923 मध्ये स्वतःचे विद्यापीठ होईपर्यंत अलाहाबादशी जोडलेली होती. भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी इथली महाविद्यालये ही स्वातंत्र्यानंतरची पिढी. तासिकेची पद्धत त्यांच्यात आली ती वेगळ्या घराण्यातून: कोर्टातला वकील संध्याकाळी विधी महाविद्यालयात दोन तास घेतो, हिशेबनीस वाणिज्य शाखेला शिकवतो. तिचे समर्थक म्हणतात की पाहुण्या शिक्षकाला तासाप्रमाणे पैसे देण्यात गैर काही नाही. मला हे पटते. ज्याचे पोट दुसऱ्या व्यवसायावर चालते, त्याच्यासाठी ही सरळ पद्धत आहे. घोळ झाला तो पुढे. भरती रखडली, पदे रिकामी राहिली आणि पाहुण्यासाठी मांडलेल्या पाटावर घरचा माणूस बसवला गेला. नेट-सेट झालेला, पीएच.डी. असलेला, दुसरा कुठलाही व्यवसाय नसलेला माणूस दर सत्राला नव्याने मुलाखत देऊ लागला. साकोलीत दोन तासिका आणि लाखनीत दोन तासिका घेणाऱ्याचा मधला महामार्ग कोणत्याच तासिकेत बसत नाही.

'पण तो शिकवतो तेवढेच देतो ना?' हा दुसरा आक्षेप अधिक भक्कम वाटतो, म्हणून त्याचे उत्तर आयोगाच्याच आकड्यांनी द्यावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत पूर्णवेळ अध्यापकाचा आठवडा 40 तासांचा आहे आणि सहायक प्राध्यापकाने त्यात प्रत्यक्ष शिकवायचे ते 16 तास. म्हणजे वर्गातल्या एका तासामागे दीड तास तयारीचा, तपासणीचा, विद्यार्थ्याच्या शंकेचा, कॉलेजच्या इतर कामाचा असतो, हे नियमानेच मान्य केले आहे. सीएचबीवाल्याच्या बिलात हा दीड तास शून्य होतो. त्यातला काही भाग समित्यांचा असतो, तो त्याला माफ असेल, हे कबूल. पण तयारी न करता शिकवावे आणि वह्या न पाहता गुण द्यावेत असे कोणी म्हणत नाही. आयोगाने 2019 मध्ये अतिथी अध्यापकासाठी एका व्याख्यानाला 1500 रुपये आणि महिन्याला फार तर 50,000 रुपये अशी शिफारस केली. दर बरा असला तरी एकक तेच राहिले. (सहायक प्राध्यापक हा पूर्वीचा अधिव्याख्याता, त्याच्या नावात सहायक आहे, पण तो कोणाचा सहायक नाही. खऱ्या सहायकाच्या नावात फक्त तास आहे.)

या बिलावर मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. संस्कृतात मानधन म्हणजे मान हेच ज्याचे धन आहे असा माणूस. मराठीत त्या माणसाचे पैसे झाले. पगार थकला तर भांडता येते, मानधन मागायला जीभ अडखळते. कायद्यानेही बराच काळ हेच वळण घेतले. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा 'कामगार' नव्हे. शिक्षणाचे काम वरच्या दर्जाचे, हा गौरव असा संरक्षणाच्या आड आला. उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) कायद्यात शिक्षक आले ते 2009 च्या दुरुस्तीने, तीही 1997 पासून लागू करून. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी 1966 मध्ये संघटना बांधली आणि 1970 मध्ये संप करून लेखी करार मिळवला. त्यांना आधी सिद्ध करावे लागले ते हेच, की आपण शिकतो म्हणून आपले काम काम नाही असे होत नाही. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समान कामाला समान वेतनाच्या बाजूने कौल दिला. त्यांची नेमणूक कंत्राटी असली तरी महिन्याच्या पगारावर होती. तासावरच्या माणसाला या निकालाचा आधार घ्यायचा तर 'समान काम' म्हणजे किती तास, इथूनच सुरुवात करावी लागेल.

सरकारकडे पैसा नाही, हे शेवटचे उत्तर नेहमी तयार असते. ते खरे मानले तरी त्यातून एवढेच निघते की काम कमी करावे. केलेले काम मोजू नये, असे निघत नाही. आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांत संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला 4 ते 6 तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते: ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन. मूल्यमापन तिथे तासांत धरले आहे. तोच विद्यार्थी पदवी घेऊन तुमसरच्या किंवा पवनीच्या वर्गात तासिकेवर उभा राहतो, तेव्हा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी नेतो आणि तास थांबतो.