प्लेगचे क्रूस

वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून हिंडताना गल्लीच्या तोंडाशी किंवा एखाद्या कुंपणालगत दगडी क्रूस दिसतात. त्यांतील काही अधिक जुने आहेत. परंतु अनेकांना वृद्ध मंडळी ‘प्लेगचे क्रूस’ म्हणूनच ओळखतात. आपण त्यांना श्रद्धेची स्मारके मानतो. मला ते भयाचेही साक्षीदार वाटतात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी येथे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. वांद्रे तेव्हा शहराबाहेर, साष्टीत होते. रानवार, पाली, चिंबई ही शेती आणि मासेमारीवर जगणारी खेडी होती. रोग तेथेही पोहोचला.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांच्या झडत्या, कपड्यांच्या होळ्या, रोग्याची इस्पितळात आणि आप्तांची छावणीत रवानगी. इलाख्यात सर्वत्र, सर्व धर्मांच्या लोकांना प्लेगच्या गाठीइतकीच झडतीची धास्ती होती. आजारी माणसे लपविली जात. शेजारच्या घरातून कण्हणे ऐकू आले, तर ते कळवावे की गप्प राहावे? कळविले तर शेजार तुटणार, लपविले तर स्वतःची मुले धोक्यात. अशा पेचात माणूस रोगाआधीच एकाकी होतो. त्या लपविण्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणाऱ्यांशी मी सहमत नाही.

तरीही शहाणपण शाबूत होते. घरात उंदीर मरून पडू लागले की ठिकठिकाणचे ग्रामस्थ घर सोडून शेतात झोपड्या घालीत. पिसवांमुळे रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. गावकऱ्यांचे पाऊल त्याहून जुन्या अनुभवातून पडले होते.

आणि क्रूस? ख्रिस्तमंदिराच्या चार भिंतींत दाटीने बसण्याचे भय वाटावे, अशा काळात उघड्यावर, आपल्याच आळीत, संध्याकाळी उभे राहून रोझरी म्हणता येई. आज कोण आले, कोण आले नाही, हेही तेथेच कळे. माझ्या मते प्रार्थनेइतकीच ही विचारपूस त्या माणसांना सावरून गेली असावी.

१२ एप्रिल २०२० चा पुनरुत्थानाचा सण आपण बंद दारांआड साजरा केला. त्या दिवशी क्रूसापाशीही जमता आले नाही.

आता मे महिन्यात गावठाणांतील क्रूस रंगवले जातात, फुलांनी सजतात. प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटले जातात, आणि मंडळी बराच वेळ तेथेच बोलत उभी राहतात.