पहिल्या मजल्यावरचे दालन

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले. तळमजल्यावरची मोठी दालने चित्रकारांना आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. पाळी येईल त्याने चित्रे टांगावीत आणि आठवडा सरताच उतरवावीत, असा तेथील रिवाज आहे. याच वास्तूच्या पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केकू व खोर्शेद गांधी या पारशी दांपत्याने ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. ‘केमोल्ड’ हे नाव त्यांच्या चित्रांच्या चौकटी बनविण्याच्या व्यवसायाचे. चौकटींच्या दुकानात आरा, हुसेन यांच्यासारख्या नव्या चित्रकारांची चित्रे मांडण्याची केकूंना पूर्वीपासूनच सवय होती.

आधुनिक चित्रकलेविषयीचे मराठी लेखन बहुधा जे. जे. स्कूल, बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९४७ चा प्रोग्रेसिव्ह गट यांभोवती फिरते. खासगी दालन म्हणजे दुकान, अशी आपली समजूत. केमोल्ड दुकान होतेच; परंतु जे विकले जाण्याची फारशी आशा नाही तेही मांडण्याचे धाडस या लहानशा जागेने वेळोवेळी केले, आणि तिचे खरे महत्त्व त्यात आहे.

वडोदऱ्यात राहून हिशेबतपासनिसाची नोकरी करणारे भूपेन खक्कर यांचे १९७२ चे प्रदर्शन घ्यावे. घड्याळे दुरुस्त करणारा, शिंपी अशी साधी माणसे तोवर प्रतिष्ठित दालनांच्या भिंतींवर क्वचितच आली होती; खक्करांनी त्याच सुमारास ती रंगविली. प्रदर्शनासोबतची पुस्तिका तर चित्रांहून खट्याळ. तीत चित्रकार कधी जेम्स बाँडच्या, तर कधी टूथपेस्टच्या जाहिरातीतील नायकाच्या थाटात उभा आहे. कलावंताच्या गंभीर चरित्रलेखनाची ही उघड थट्टा होती. अशी पुस्तिका धड ग्रंथ नव्हे, धड नियतकालिक नव्हे. त्यामुळे ग्रंथालयांच्या दाखलनोंदीत तिला सहसा जागा मिळत नाही, आणि प्रदर्शन उतरल्यावर इतिहासकाराच्या हाती मात्र तेवढेच उरते.

१९७५ मध्ये डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रे येथे लागली. त्यांच्या कलेकडे शहराचे लक्ष वेधण्यात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. वारली समाजात लग्नाचा चौक सुवासिनींनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहावयाचा. कार्य आटोपले की तो आपोआप पुसट होत जाई. मशे पुरुष असून, कोणतेही कार्य नसताना, रोज चित्रे काढीत. भिंतीवरची कला कागदावर आली, तिला चौकट लाभली, किंमत लाभली. त्यात तिचे काही हरवलेही असेल; पण वारली माणूस ‘अनाम आदिवासी’ न राहता नावाचा चित्रकार ठरला, हेही विसरता येत नाही. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सतरा वर्षांनी याच दालनात नेमके उलट घडले. नलिनी मालानी यांनी १९९२ मध्ये ‘सिटी ऑफ डिझायर्स’ या प्रदर्शनासाठी चित्रे टांगलीच नाहीत. थेट दालनाच्या भिंतींवर रेखाटने केली. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे अनास्थेपायी नाहीशी होत होती, त्याची सल यामागे होती. मुदत संपताच त्यांच्या भिंतींवर पांढरा हात फिरविण्यात आला. विकावयास काहीच नाही, असे प्रदर्शन एका विक्रीच्या दालनाने भरविले! आज त्याची साक्ष छायाचित्रे आणि एक चित्रफीत यांपुरतीच आहे.

बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर रुमाना हुसेन यांनी रंग-कॅनव्हास दूर सारून फुटक्या मडक्यांचे अर्धगोल हाती घेतले. घुमटाची आठवण करून देणारे ते तुकडे १९९४ मध्ये केमोल्डने मांडले. दंगलींच्या जखमा ताज्या असलेल्या मुंबईत ते पाहणे प्रेक्षकांना सोपे गेले नसणार.

२००७ मध्ये केमोल्ड फोर्टमधील प्रिस्कॉट रस्त्यावरील ऐसपैस जागेत गेली. केकू गांधी २०१२ मध्ये निवर्तले, खोर्शेदबाई त्यांच्यामागून वर्षभराने.