किती बंद चालेल?

मुळशी तालुक्यात रात्रंदिवस चालणाऱ्या दोन यंत्रणा आहेत आणि दोघींची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघराकडे उतरते. ते वीजघर १९२७ पासून चालू आहे. तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये, दूरदेशीच्या ग्राहकांच्या संगणकप्रणाली सांभाळल्या जातात. धरणावर पाण्याची पातळी नोंदवतात, हिंजवडीत डॅशबोर्डवर आलेख हलत असतात. मात्र कुठली पातळी पुरेशी, हे पट्टी सांगत नाही. ते आधी कुणीतरी ठरवावे लागते, आणि आपल्याकडे तेच बहुधा राहून जाते.

मोजायचे काय, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. उत्तर यायला लागणारा वेळ, येणाऱ्या विनंत्यांची वर्दळ, चुका आणि यंत्रणा किती भरली आहे, या चार खुणा गूगलच्या अभियंत्यांनी २०१६च्या आपल्या ग्रंथात सांगितल्या, त्या पुरतात. अवघड आहे ते ‘चूक’ कशाला म्हणायचे, हे. यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या एनपीसीआयने याचे चांगले उत्तर दिले आहे. व्यवहार फसला तर तो दोनपैकी एका खात्यात जातो. पिन चुकली किंवा खात्यात पैसे नव्हते, तर तो एक प्रकार. बँकेची किंवा जाळ्याची यंत्रणाच कोलमडली, तर दुसरा. बँकनिहाय आकडे दरमहा वेगवेगळे प्रसिद्ध होतात. ही विभागणी केली नाही तर विसराळू ग्राहकाचा दोष सर्व्हरच्या माथी येतो किंवा, अधिक वेळा घडते तसे, सर्व्हरचा दोष ग्राहकाच्या.

वेळ मोजताना सरासरीवर विसंबू नये. हिंजवडीला रोज जाणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. धरून चला, महिन्याच्या २० कामाच्या दिवसांपैकी १८ दिवस वाकडहून ऑफिस ४० मिनिटांत गाठता येते आणि २ दिवस दोन तास लागतात. सरासरी येते ४८ मिनिटे. पण ४८ मिनिटे एकाही दिवशी लागलेली नाहीत! घरातून निघण्याची वेळ माणूस त्या दोन दिवसांवरून ठरवतो. म्हणून ‘९५ टक्के विनंत्यांना इतक्या वेळाच्या आत उत्तर’ अशी भाषा वापरतात. तिला पर्सेंटाइल म्हणतात.

वेळ अशी अचानक का लांबते, याचे गणित कोपनहेगनच्या एर्लांगने १९०९ मध्ये टेलिफोनच्या निमित्ताने मांडायला घेतले. एकच खिडकी आहे आणि माणसे कशीही, केव्हाही येतात, असे मानले तर खिडकी ५० टक्के वेळ गुंतलेली असताना काम उरकायला मूळच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्क्यांना पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ला वीसपट. हिंजवडीच्या शिवाजी चौकात शेवटची थोडी वाहने वाढली की सगळे का थिजते, ते यावरून कळावे. ‘सर्व्हर अजून १० टक्के मोकळा आहे’ हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारे नाही.

आता लक्ष्य. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांत ४३ मिनिटे १२ सेकंद बंद राहण्याची मुभा; ९९.९९ म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटे, इतक्यात झोपेतून उठवलेल्या अभियंत्याचा लॅपटॉपसुद्धा उघडून होत नाही. शिवाय प्रत्येक प्रणाली दुसऱ्यांवर उभी असते. ओळीने चार दुवे, प्रत्येकाची हमी ९९.९ आणि प्रत्येकाचा बिघाड स्वतंत्र, तर साखळीच्या वाट्याला ९९.६ येते: महिन्याला पावणेतीन तासांहून अधिक.

या मुभेला एरर बजेट म्हणतात. धरणातल्या साठ्यासारखा तिचा हिशेब ठेवावा. साठा शिल्लक आहे तोवर नवे बदल बिनधास्त सोडावेत. संपत आला की बदल थांबवून डागडुजी करावी. दर महिन्याला साठा जसाच्या तसा उरत असेल, तर एक तर लक्ष्य फार ढिले आहे किंवा मंडळी फार भितात. आपल्याकडे मात्र करारात दंडाचे कलम असते, त्यामुळे मिनिटे खर्चण्याऐवजी लपवण्याकडे कल होतो. सर्वांत रुळलेली पळवाट म्हणजे ‘नियोजित देखभाल’ हिशेबाबाहेर ठेवणे. पण हिंजवडीत रात्रीचे ११ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात दुपारचा दीड असतो. देखभाल आपल्या रात्री, ग्राहकाच्या भर बाजारात. माझ्या मते ती मिनिटे मोजलीच पाहिजेत.

अलर्टही साठ्यावरूनच लावावा. धरणावर नुसती पातळी पाहून भागत नाही, तासाला किती उतरते तेही पाहावे लागते. ९९.९च्या लक्ष्यात हजारात एक विनंती फसणे मान्य असते. त्याच्या १४.४ पट वेगाने विनंत्या फसू लागल्या, तर एका तासात महिन्याच्या साठ्यातले २ टक्के जातात; त्यासाठी ऑन-कॉल माणसाला उठवावे. मुभेइतक्याच वेगाने झिरपत असेल तर सकाळपर्यंत थांबता येते. सीपीयू तापला म्हणून पहाटे तीनला फोन वाजवत राहिले, तर चार दिवसांत तो फोन उशीखाली जातो.

राहिला प्रश्न मोजणीच्या मुदतीचा. धरण पावसाळ्यात भरते आणि मग वर्षभर रिते होत जाते. एरर बजेट मात्र पहिल्या तारखेला भरण्याचा रिवाज पडला, की २८ तारखेला झालेला मोठा बिघाड तीन दिवसांत कागदावरून पुसला जातो आणि थोपवलेले सगळे बदल एक तारखेला एकदम सुटतात. त्याऐवजी रोज मागचे ३० दिवस मोजावेत. मग २८ तारखेचा बिघाड पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हिशेबात राहतो.