चाकू, घडीचा

पाते मुठीच्या खाचेत मिटवून खिशात किंवा कनवटीला बाळगता येणारे लहान कर्तनसाधन. सुरीचे पाते मुठीत कायमचे बसविलेले असते. घडीच्या चाकूचे पाते मात्र एका खिळ्याभोवती फिरते आणि उघडल्यावर पाठीमागील पोलादी पट्टीच्या दाबामुळे किंवा मुठीवरील कड्याच्या अडसरामुळे जागेवर राहते. ‘चाकू’ हा शब्द मराठीत फार्सीतून आला असून तो मूळचा तुर्की समजला जातो. भंडारा जिल्ह्यात भाजी चिरण्यास पावशी (विळी), धान कापण्यास विळा, बांबू फोडण्यास बुरडाचे जड पाते अशी प्रत्येक कामाची साधने ठरलेली आहेत. चाकूला असे स्वतःचे एक काम नाही. सुतळी तोडणे, पोत्याची शिवण उसवणे, दातवण तासणे, फळ कापणे, जाळ्याचे सूत छाटणे अशी दिवसभरातील किरकोळ कामे त्याच्याकडे येतात. त्यामुळे तो स्वस्त असावा आणि तरीही कापणारा असावा, अशी दुहेरी अपेक्षा त्याच्याकडून केली जाते. ही अपेक्षा कशी पुरी होत आली, हाच त्याच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय.

पूर्व विदर्भात लोखंडी पात्यांची परंपरा बरीच जुनी आहे. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट–खापा, माहूरझरी आणि नायकुंड येथील महापाषाणीय शिलावर्तुळांची उत्खनने १९६८ ते १९८० या काळात शां. भा. देव व त्यांचे सहकारी यांनी केली. या दफनांत कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि सुऱ्या विपुल सापडल्या. इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील या लोकांना लोखंड गाळण्याची कला अवगत होती, हे नायकुंड येथील भट्टीच्या अवशेषांवरून स्पष्ट होते. तेथील हत्यारांच्या धातुपरीक्षणातून असे दिसते, की सबंध हत्यार कठीण न करता धार येणाऱ्या भागातच कार्बन मुरवून पोलाद तयार करण्याची युक्ती या कारागिरांना माहीत होती. पोलाद महाग, लोखंड त्या मानाने स्वस्त. म्हणून पोलाद जेथे कापायचे तेथेच वापरावे, हा हिशेब लोहारकामात विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिला.

दक्षिणेतील मुशीत तयार होणारे ‘वूट्झ’ पोलाद हा याच परंपरेचा सर्वांत प्रगत आविष्कार. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी पाठविलेले त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचले आणि जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यांवरील प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या वेळी स्टोडार्ट या लंडनच्या पातेकाराने या पोलादाचा तुकडा ठोकून त्यापासून जी वस्तू घडविली, ती तलवार नव्हती. लेखणी तासण्याचा लहान चाकू होता. पोलादाची खरी परीक्षा बारीक धारेतच होते, हे त्यामागील कारण उघड आहे. पुढे मायकेल फॅराडे यांनी याच स्टोडार्टबरोबर मिश्रपोलादांवर संशोधन केले.

लेखणीचा चाकू महाराष्ट्रालाही अपरिचित नव्हता. मोडी लिपीतील दप्तरे बोरूने लिहिली जात आणि बोरूचे टोक तिरके छाटून त्याला चीर देण्यासाठी कलमदानात एक लहान, अत्यंत तीक्ष्ण चाकू ठेवीत. त्याला कलमतराश म्हणत. तो कारकून, कुळकर्णी आणि सावकार यांच्या हाती असे. शेतकऱ्याच्या कमरेला असणारा चाकू निराळा. तो गावच्या लोहाराचा असे.

या लोहाराला नागपूर भागात खाती असेही म्हणतात. त्याच्या मोबदल्याची पद्धत नीट पाहिली, तर चाकूच्या किंमतीचा जुना अर्थ कळतो. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या ग्रंथात (१९१६) या पद्धतीची नोंद केली आहे. वर्धा जिल्ह्यात चार बैलांच्या नांगरामागे, म्हणजे सु. ४० एकर जमिनीमागे, लोहाराला वर्षाकाठी सु. ५० पौंड (सु. २३ किग्रॅ.) धान्य मिळे. त्याबद्दल तो फाळ, विळे, कुऱ्हाडी यांची घडण व दुरुस्ती करी. नव्या अवजाराचे पैसे काही वेळा वेगळे घेतले जात. नाही तर त्यासाठी निदान लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याने पुरवायचा असे. धान्य मिळे ते वस्तूबद्दल नव्हे, तर वर्षभर ती वस्तू कामाची ठेवण्याबद्दल. पाते बोथट झाले, वाकले वा त्याचा तुकडा उडाला, तर ते पुन्हा भट्टीवर येई. वाईट पाणी दिलेल्या पात्याचा त्रास अखेर लोहारालाच होई. गरीब कुणब्याला धातूची पारख करण्याची गरज पडत नसे. ती जबाबदारी कारागिराच्या वर्षासनात सामावलेली होती. घिसाडी आणि शिकलगार हे फिरते कारागीर आठवडी बाजारात व गावोगाव याच कामाचा काही भाग रोखीने करीत.

याच ग्रंथात हाताने लोखंड गाळण्याचा उद्योग प्रांतातून जवळजवळ नाहीसा झाल्याचे आणि बहुतेक सर्व कामांत आयात लोखंड वापरले जात असल्याचे नमूद आहे. त्याला कारण रेल्वे. नागपूर–छत्तीसगढ रेल्वे १८८०–८२ च्या सुमारास भंडारा जिल्ह्यातून राजनांदगावकडे गेली. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंदमापी केली. कारखान्यातील लोखंडी सळई दारात येऊन पडल्यावर जंगलातील कोळसा जाळून भट्टी चालविणे परवडण्यासारखे राहिले नाही. हस्तव्यवसायाच्या ऱ्हासाची ही हकीकत सर्वत्र सारखीच आहे. मात्र चाकूच्या बाबतीत तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. रेल्वेमागोमाग आणि पुढे मोटारींमागोमाग, उत्तम पोलादाचे मोडीत निघालेले तुकडे गावच्या लोहाराला मिळू लागले : जुन्या कानशी, करवतींची पाती आणि विशेषतः मोटारीच्या कमानीचे पाटे. कमानीच्या पोलादात कार्बन शेकडा ०·५ ते ०·६ असतो. एवढा कार्बन पात्याला धार टिकविण्याइतपत कठीण करतो आणि तरी ते ठिसूळ होऊ देत नाही. पूर्वी लोखंडात पोलादाची पट्टी जोडावी लागे. आता संपूर्ण पातेच पोलादाचे होऊ लागले. धातूच्या दृष्टीने पाहता, मोडीच्या पाट्याचा विसाव्या शतकातील चाकू हा आजोबांच्या काळच्या गावठी चाकूपेक्षा सरस होता, असे म्हणण्यास हरकत नाही. भंडाऱ्याजवळ वरठी येथे आज ज्या पोलाद कारखान्यातून मोटारउद्योगासाठी मिश्रपोलाद व कमानीचे पोलाद तयार होते, तो भंडारा रोड या त्याच लोहमार्गावरील स्थानकाशेजारी आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

पोलाद चांगले असले, तरी निम्मे काम पाणी देण्यात असते. पाते लाल तापवून (सु. ८००° से.) तेलात वा पाण्यात बुडविले, की ते काचेसारखे कठीण व ठिसूळ होते. मग ते घासून चकचकीत करतात व पुन्हा हलके तापवितात. पृष्ठावर फिकट पिवळा रंग आला (सु. २२०° ते २४०° से.), की धार कठीण राहते, निळा रंग आला (सु. ३००° से.), तर पाते चिवट पण मऊ होते. लोहाराला तापमापक लागत नाही. तो भट्टीजवळच्या अंधुक उजेडात रंग पाहतो. उत्तम पात्याला मराठीत ‘पाणीदार’ म्हणतात, ते यामुळेच.

घडीच्या चाकूची पाठपट्टी (स्प्रिंग) शेफील्डमध्ये सतराव्या शतकात रूढ झाली. तेथील जोझेफ रॉजर्स या कारखान्याचे नाव ब्रिटिश अमदानीत भारतीय बाजारात चांगल्या चाकूला जणू पर्याय होते. उत्तर भारतात रामपूरचा चाकू प्रसिद्ध झाला, पण तो रोजच्या कामापेक्षा दहशतीसाठी अधिक. स्वस्त व टिकाऊ चाकूचे खरे आदर्श यूरोपात डोंगरी शेतकऱ्यांमध्ये घडले. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास एक पाते, एक लाकडी मूठ आणि एक खिळा अशा मोजक्या भागांचा चाकू तयार केला. १९५५ मध्ये त्याला पाते अडकवून ठेवणाऱ्या कड्याची जोड मिळाली. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्झेनर यांनी १८९१ पासून सैन्याला पुरविलेला बहुपाती चाकू जगभर गेला. त्याची नक्कल सोपी दिसते, पण स्वस्तात ती साधत नाही : पात्यांची संख्या वाढते तसतसे प्रत्येक सांध्याचे काम उणे पडते.

शेफील्ड येथेच १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी अगंज पोलाद (स्टेनलेस स्टील) तयार केले. पात्यांसाठीच्या अशा पोलादात क्रोमियम साधारणतः शेकडा १३ किंवा त्याहून अधिक असते. भंडाऱ्यासारख्या भातशेतीच्या, तळ्यांच्या आणि दमट पावसाळ्याच्या प्रदेशात त्याचा उपयोग उघड आहे. तथापि पात्यावरील ‘स्टेनलेस’ हा छाप गंजाविषयी सांगतो, धारेविषयी नव्हे. कार्बन कमी असलेले अगंज पोलाद चमकते, पण त्याची धार चारदोन दिवसांत जाते. उलट, कार्बनी पोलादाचे पाते लिंबू वा कैरी कापल्यावर काळे पडते व पुसून ठेवावे लागते. पण साध्या दगडावरही त्याला लवकर धार येते.

बाजारातील चाकूमागे आता वर्षासन घेणारा लोहार नाही. म्हणून पारख ग्राहकालाच करावी लागते. पैसे मर्यादित असतील, तर एकच पाते असलेला, सु. ७ ते ८ सेंमी. पात्याचा, साध्या लाकडी वा शिंगाच्या मुठीचा चाकू घ्यावा. त्याच किंमतीत मिळणारी चार पाती, बाटलीखोल आणि नक्षी यांचा खर्च पोलादातून वजा झालेला असतो. पाते उघडून बाजूस हलवून पाहावे. खिळ्यात खेळ असेल, तर तो वाढतच जातो. मिटविल्यावर पाते मुठीच्या मध्यभागी बसले पाहिजे आणि धार पाठपट्टीवर आपटता कामा नये. पाठपट्टी उघडताना व मिटविताना खटका स्पष्ट हवा. शक्य असल्यास पात्याच्या टाचेशी बारीक कानस हलकेच फिरवावी : ती घसरली तर पाते कठीण, खोल चावली तर मऊ. धार पाहण्यास वर्तमानपत्राच्या पातळ कागदाची कड पुरते. सपाट, पातळ आणि धारेकडे एकसारखे निमुळते होत जाणारे पाते जाड पात्यापेक्षा चांगले; जाड पाते मजबूत दिसते, पण कापण्याऐवजी फोडते. खर्चाचा एक भाग निसण्यासाठी राखून ठेवावा. धार लावताना पाते दगडाशी प्रत्येक बाजूस १५° ते २०° कोनात धरतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांनुसार ९ इंचांहून (सु. २३ सेंमी.) लांब किंवा २ इंचांहून (सु. ५ सेंमी.) रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात मोडतात; घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनविलेली पाती त्यांतून वगळलेली आहेत. खिशातील सामान्य चाकू या मर्यादेच्या बराच आत राहतो. विमानाच्या प्रवासी कक्षात मात्र तो नेता येत नाही.