फेर्माचे विधान आणि ऑयलरचा भागाकार

संख्येचे अवयव काढणे म्हणजे काय, हे चार इयत्ता शिकलेल्यालाही ठाऊक असते. दोनाने भागावे, तिनाने भागावे, पाचाने भागावे. भाग निःशेष गेला की अवयव सापडला. वर्गमूळापर्यंत जाऊनही भाग गेला नाही, तर संख्या मूळ. आमचे रीतसर शिक्षण याच्या फार पुढे गेलेले नाही. बाकीचे कारखान्याच्या पाळ्या सांभाळून वाचनालयात मिळवले. पण एवढ्या शिदोरीवरही गणिताच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण तपासता येते.

पिएर द फेर्मा हा फ्रान्समध्ये तुलूझच्या न्यायालयात अधिकारी. गणित ही त्याची हौस. १६४० साली त्याने पत्रातून कळवले की, २ चा १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीने वाढणारा घात घेऊन त्यात १ मिळवला, की येणारी प्रत्येक संख्या मूळच असते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ येथपर्यंत ते खरे आहे. पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. आपल्याजवळ सिद्धता नाही हे त्याने सांगितले होते, पण खात्री पक्की होती. आणि नाव एवढे मोठे असल्यावर तपासायला बसतो कोण? वाटाघाटीत ताळेबंद पुढे आला की आम्ही त्यातली बेरीज आधी स्वतः करतो. खाली सही कोणाची आहे ते मागाहून पाहतो.

१७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने पत्राच्या ताज्या कलमात ऑयलरला या विधानाविषयी विचारले. ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत होता, वय अवघे बावीस. त्या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित वर. तेथवर मूळ संख्या ६,५४२. इतके भागाकार कोण करणार? परंतु या संख्येला भाग जाणारी मूळ संख्या ६४ च्या पटीहून १ ने अधिकच असली पाहिजे, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. या चाळणीतून गळून पहिल्या उरतात त्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. श्रोत्यांनी घरी कागद घेऊन बसावे. १९३ ने भागता बाकी १०९; २५७ ने २; ४४९ ने ३२५; ५७७ ने २८८. पाचवा भागाकार ६४१ चा: बाकी शून्य, उत्तर ६७,००,४१७. हा अवयव ऑयलरने १७३२ साली दाखवला. चाळणी नसती आणि २ पासून एकेक मूळ संख्या घेतली असती, तरी ६४१ चा क्रमांक एकशे सोळावा. चिकाटीच्या माणसाला दोन-चार दिवसांचे काम! तरी मधे ब्याण्णव वर्षे गेली.

नवल याहून पुढचे आहे. अशीच चाळणी खुद्द फेर्माच्या हाती होती. त्याच १६४० साली, २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा २२३ हा अवयव त्याने तिच्याच आधारे काढला. तेथे चाळणीतून आधी १४९ येते, लगेच २२३. दुसऱ्याची संख्या त्याने दोन भागाकारांत फोडली. स्वतःच्या विधानाला मात्र तोच न्याय लावला नाही.

त्या पहिल्या पाचांनंतर फेर्माच्या मालिकेत सहावी मूळ संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही.