बोर्बनचं वेड आणि सुभेदार साहेबांची बाटली

2018 चा सप्टेंबर. रानीखेतजवळ चौबटियाला भारत-अमेरिका 'युद्ध अभ्यास' चालू होता आणि मी सिग्नलच्या तुकडीबरोबर तिथे होतो. एका संध्याकाळी चहाला केंटकी राज्यातला एक अमेरिकन सार्जंट शेजारी येऊन बसला. घरच्या गोष्टी निघाल्या. तो म्हणाला, "आमच्याकडे दोनच गोष्टी नावाजलेल्या. घोडे आणि बोर्बन." मी लगेच पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून त्याच्यापुढे धरला. आपल्याला बोर्बन म्हणजे चहात बुडवायचं बिस्किट, दुसरं काय आठवणार? तो पोट धरून हसला आणि मग तासभर मला बोर्बन व्हिस्की समजावत बसला. त्या एका तासाने माझी पुढची पाच वर्षं खाल्ली.

मंडळी, फौजी माणसाला बाटलीचं अप्रूप नसतं. कॅन्टीनचा कोटा ठरलेला, रम ठरलेली. पण पुढच्या दिवाळीला न्यू जर्सीचा भाचा एक बोर्बन घेऊन आला आणि मी ती उघडायच्या आधी तिच्यावरची चिठ्ठी वाचायला लागलो. इथेच घात झाला. पिणारा माणूस बाटली उघडतो, संग्रह करणारा ती वाचत बसतो.

वाचता वाचता कळलं की यांचे नियम आपल्या रेशन स्केलपेक्षा कडक आहेत. धान्यात मका किमान 51 टक्के हवा. पिंप ओकचं, कोरं आणि आतून जाळून कोळसा केलेलं हवं. पिंपात भरताना मद्यार्क 62.5 टक्क्यांच्या वर नको, बाटलीत 40 च्या खाली नको. 1964 मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बोर्बन हे अमेरिकेचं खास उत्पादन असल्याचं जाहीर केलं. हे सगळं मी जेवताना बायकोला सांगायचो. ती म्हणायची, "लग्नाची तारीख विचारली की आठवत नाही, आणि मका किती टक्के ते पाठ आहे!"

दुसरी गंमत कर्नलांची. आपल्याकडे कर्नल होईपर्यंत केस पांढरे होतात. केंटकीत गव्हर्नर खूश झाला की सनद देऊन माणसाला मानद कर्नल करून टाकतो. गव्हर्नर आयझॅक शेल्बी यांनी 1813 मध्ये ही प्रथा सुरू केली, असं तिकडे मानतात. म्हणून बोर्बनच्या फडताळात कर्नलांची रांग लागते. कर्नल टेलर, कर्नल ब्लँटन. तळलेली कोंबडी विकणारे कर्नल सँडर्ससुद्धा याच पलटणीतले!

पण या टेलरांनी काम मात्र खऱ्या कर्नलाचं केलं. त्या काळी व्यापारी साध्या दारूत रंग आणि तंबाखूसारखे पदार्थ घालून ती जुनी व्हिस्की म्हणून खपवत. टेलर आणि इतरांनी जोर लावला आणि 1897 चा 'बॉटल्ड इन बाँड' कायदा झाला. एकाच कारखान्याचा, एकाच हंगामाचा माल, किमान 4 वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात आणि बाटलीत बरोबर 50 टक्के मद्यार्क. सरकारी माणसाच्या किल्लीशिवाय गोदाम उघडायचं नाही. आपल्या कोतचीच शिस्त म्हणा ना.

एव्हाना माझ्याकडे अकरा बाटल्या जमल्या होत्या. भाचा आला की एक-दोन आणायचा, त्याचे मित्र आले की त्यांच्याही बॅगेत एखादी. आणि तेवढ्यात बदली आली भूजला. गुजरात म्हणजे दारूबंदी. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा दोन्ही राज्यांकडे आला, पण आपण परवान्यावर भागवलं आणि गुजरातने बंदी ठेवली. काळी ट्रंक न्यायची कुठे? शेवटी ती साताऱ्याला सासरी ठेवली. सासरे माळकरी, आषाढीची वारी कधी न चुकवलेले. मी झाकणावर खडूने 'औषध' असं लिहिलं.

नंतर वाचलं तर ही युक्ती शंभर वर्षं जुनी निघाली. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती, पण डॉक्टरची चिठ्ठी असली तर दर दहा दिवसांनी एक पाइंट व्हिस्की औषधाच्या दुकानात मिळायची. औषधी व्हिस्की विकायचा परवाना फक्त सहा कंपन्यांना होता. त्या काळातली चिठ्ठीसकट बाटली आज हाती लागली तर संग्राहक देव्हाऱ्यात ठेवतील. सासऱ्यांनी मात्र वर्षभराने फोनवर विचारलं, "जावईबापू, एवढं औषध लागतं, तर एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या."

आता खरी विनोदी गोष्ट. आज ज्या जुन्या बोर्बनसाठी लोक रात्रभर दुकानाबाहेर रांगा लावतात, ती एकेकाळी कुणालाच नको होती. 1970 नंतर अमेरिकन तरुणांना व्होडका आवडायला लागली आणि बोर्बन म्हणजे म्हाताऱ्यांचं पेय ठरलं. माल खपेना म्हणून कंपन्यांनी चिनी मातीच्या शोभेच्या सुरया काढल्या. टर्की पक्षी, मोटारगाड्या, आगगाड्या, अगदी एल्व्हिस प्रेसलीसुद्धा. लोक त्या दिवाणखान्यात मांडून ठेवायचे, आत व्हिस्की आहे हे विसरून. गोदामांत पिंपं पडून राहिली आणि पडून राहिली म्हणूनच मुरली. आजोबांनी नाकारलेली तीच दारू नातवंडांनी पुढे सोन्याच्या भावाने घेतली.

त्या मंदीतच, 1984 मध्ये, एल्मर ली यांनी ब्लँटन्स बाजारात आणली, प्रत्येक बाटली एकाच पिंपातली. हे ली दुसऱ्या महायुद्धात बी-29 विमानांवर होते, म्हणजे आपल्याच जातीचे. या बाटलीच्या बुचावर घोडा आणि स्वार असतो. बुचं आठ प्रकारची, प्रत्येकावर नावातलं एक अक्षर. बी, एल, ए, एन, टी, ओ, एन, एस. आठ जमली की घोडा सुटण्यापासून जिंकण्यापर्यंतची शर्यत पूर्ण होते. माझ्याकडे सात आहेत. सगळी भाच्याच्या मित्रांनी बाटल्या स्वतः संपवून पाठवलेली. एस नाही. माझा स्वार गेली चार वर्षं नुसता धावतोय, जिंकत काही नाही.

हे वेड माणसाला कुठवर नेतं, तेही तिकडे दिसलं. 2013 मध्ये केंटकीच्या बफेलो ट्रेस कारखान्यातून 'पॅपी व्हॅन विंकल' या बोर्बनच्या 60 हून अधिक पेट्या गायब झाल्या. तपासाअंती चोर बाहेरचे नव्हते, आतलीच माणसं निघाली. हे वाचून मी हसलो. तेव्हा माझ्या ट्रंकेत काय होतं ते आता सांगतो.

मी लान्सनायक असताना द्रासला होतो. जानेवारीत वडील गेल्याचा निरोप आला. झोजिला बंद, हेलिकॉप्टर हवामानामुळे नाही. त्या रात्री आमच्या सेक्शनचे हवालदार, पुढे सुभेदार झाले ते, माझ्या बंकरमध्ये आले. आपल्या वाट्याची रम त्यांनी स्टीलच्या मगात ओतली, गरम पाणी घातलं आणि पहाटेपर्यंत बसून राहिले. फार बोलले नाहीत. मी म्हटलं, "साहेब, तुमचा वाटा मला कशाला?" ते म्हणाले, "बाटली कुणाची ते बघायचं नसतं. समोर कोण बसलंय ते बघायचं."

भाच्याची ती पहिली बाटली मी त्यांच्या नावाने ठेवली होती. "साहेब, पेन्शनला जाल त्या दिवशी ही फोडू," असं मीच म्हणालो होतो. 2021 मध्ये तो दिवस आला. त्याच्या आठवडाभर आधी भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, तिची किंमत तिप्पट झालीय, उघडू नका." बडाखान्याला मी कॅन्टीनची रम घेऊन गेलो. बाटली गावी आहे, असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. साहेब हसून म्हणाले, "असू दे, पुढच्या वेळी." फौजेत निरोपाच्या दिवशी कुणी पुढची वेळ म्हणत नाही.

2023 ला भूजहून बदली झाल्यावर ट्रंक उघडली. जागा वाचावी म्हणून मी सगळ्या बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या. वाइन आडवी ठेवतात, व्हिस्की नाही. कडक दारू बूच खाते, हे अकरा बाटल्या जमवूनही मला ठाऊक नव्हतं. साहेबांच्या बाटलीच्या गळ्याशी तपकिरी ओघळ होता आणि माल चार बोटं खाली गेलेला. पिंपातून दरवर्षी जी दारू उडून जाते, तिला केंटकीत देवदूतांचा वाटा म्हणतात. माझ्याकडचा वाटा बहुधा सासऱ्यांच्या विठोबाला गेला.

ती तशीच उचलली आणि कोरेगाव तालुक्यात साहेबांच्या गावी गेलो. ओसरीवर सगळं सांगितलं, तिप्पट किमतीसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "अगं, चहाची गाळणी आण." बूच गळ्यातच मोडलं. गाळून दोन पेले भरले. साहेबांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला.

"कशी आहे, साहेब?"

"चांगली आहे. पण गरम पाणी लागेल."

अमेरिकेतले जाणकार हे ऐकून रडले असते. मी उठून पाणी तापवायला ठेवलं.

उरलेल्या दहांपैकी आज तीन शिल्लक आहेत, तीही उभी आणि उघडलेली. साताऱ्याकडे कुणी जुना सोबती आला तर ओसरीवर यावं. एस अक्षराचं बूच मिळालं तर आणा, नाही मिळालं तरी या.

जय हिंद.